लघुत्तम माप

सहामाहीचे पेपर तपासून झाले
तेव्हा लाल रिफिल संपलं होतं.
हेडसर म्हणाले, मिराशी बाई,
ही अकरा मुलं बोर्डाला बसवायची म्हणजे शाळेचा निकाल...
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.
गरज नव्हती. ते मलाही पाठ आहे.

म्हणून शुक्रवारी, भांडुप ते मुलुंड, बसने
मी अकरा जणांना आयटीआय दाखवायला नेलं.
डब्यात चपाती, खिशात आधारची झेरॉक्स
(ती कुणी आणायला सांगितली, कुणालाच ठाऊक नाही).
सुहानीने विचारलं,
"बाई, ही सहल आहे की शिक्षा?"
मी तिकिटं मोजत होते.
मोजतच राहिले.

वर्कशॉपात कूलंटचा वास, दुधाळ, थोडा आंबूस.
तांडेल सरांनी भाषण केलं नाही.
"लेस बांधा. बाह्या दुमडा. ओढणीला मागे गाठ.
मशीनला तुमचे मार्क माहीत नाहीत,
तिला फक्त सैल कपडा दिसतो."

प्रणिल खरटमोल.
गणितात ऐंशीपैकी अकरा.
दशांशचिन्ह तो भाजीत मीठ टाकावं तसं टाकतो,
अंदाजाने, कुठेही.
त्याच्या वहीत मी तीनदा लिहिलंय : लक्ष कुठे असतं?
तांडेलांनी त्याच्या हातात व्हर्नियर दिला
आणि लोखंडी सळीचा तुकडा.
"मोठ्या पट्टीवर बारा. आता बारीक रेघांत बघ,
कुठली रेघ वरच्या रेघेला अगदी सरळ भेटते?"
प्रणिलने श्वास धरला. एक डोळा मिटला.
"सतरावी."
"एका रेघेचे पॉइंट शून्य दोन."
ओठ हलले, बोटं नाही.
"बारा पॉइंट चौतीस."
तांडेल पुढच्या मुलाकडे वळले, जणू काही झालंच नाही.
मी पर्स या हातातून त्या हातात घेत उभी.

मग व्हर्नियर माझ्याकडे आला.
मला सोळावी दिसली, मग अठरावी.
चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणाले.
कुणी हसलं नाही, तेच लागलं.

"मुलींसाठी शिवणकाम आहे, पार्लरचंही आहे,"
असं मीच म्हणाले, मीच.
सुहानी काळ्या काचेआडून वेल्डिंग बघत होती.
"बाई, ही पण शिलाईच ना?"

अफ्फान बाकावर झोपला.
रात्री दोनपर्यंत चुलत्याच्या केटरिंगची भांडी.
त्याला काहीच दाखवायचं राहिलं.
कृपेश म्हणाला, मी कॉमर्सच करणार, नापास झालो तरी.
मी "बरं" म्हटलं,
वर्षात पहिल्यांदा, टोमण्याशिवाय.

संध्याकाळी फॉर्म घेऊन प्रणिलच्या वडिलांच्या गॅरेजवर.
"माझ्या बापाचे हात गटारात गेले, माझे ग्रीसमध्ये.
पोराने पेन धरावं म्हणून तुमच्याकडे घातला,
आणि तुम्ही त्याला परत पाना देताय?"
आवाजात राग नव्हता, हिशेब होता.
माझ्याकडे उत्तरं होती : प्रमाणपत्र, स्टायपेंड,
पुढे डिप्लोमाचा रस्ता. सगळं माहितीपत्रकात.
मी ते उघडलं नाही.
तुमचा मुलगा नापास झाला असता, बाई,
तर त्याला इथे आणलं असतंत?
हे त्यांनी विचारलं नाही.
मी ऐकलं.

तेवढ्यात प्रणिलने ट्रेमधून एक बोल्ट उचलला,
उजेडाला धरला.
"पप्पा, हा दहाचा म्हणतो ना आपण,
पण दहा नसणार. नऊ पॉइंट काहीतरी.
मोजायला पाहिजे."
वडिलांनी बोल्ट पाहिला. मग पोराला, जरा जास्त वेळ.
फॉर्म हातात घेतला नाही, हात काळे होते.
"ठेवा तिथे," म्हणाले,
आणि पंख्याने उडू नये म्हणून
त्यावर एक पाना ठेवला.